केस कशाचा असतो

पहिल्या खेपेला मी तोंडी परीक्षेत नापास झाले, त्याला माझी जीभ कारणीभूत. परीक्षकबाईंनी विचारलं, "केस कशाचा बनलेला असतो?" आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "केसाचाच!" वर हसलेही. बाईंनी कागदावर फुली मारली आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

आता मला सांगा, सत्तावीस वर्षं जी बाई लोकांचे केस कुरळे करते, तिला हा प्रश्न विचारायचा असतो का? माझं दुकान छोटं आहे, राहत्या इमारतीतच तळमजल्यावर. दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतभर आरसा. पण नुसत्या बोटांनी केस चाचपून मी सांगते, की हा पंधरा मिनिटांत वळेल आणि हा वीस घेईल. हे सगळं ठीक होतं. मग परवाने देणाऱ्या मंडळाने नियम काढला: डोक्यावर रसायन वापरणाऱ्या प्रत्येकाने परीक्षा द्यायची. संधी दोनच. नापास झालात तर फक्त कात्री चालवा. आणि माझ्याकडे कात्रीसाठी कुणी येतच नाही हो! कापायला लोक समोरच्याकडे जातात, माझ्याकडे येतात ते कुरळे करून घ्यायला. म्हणजे दुसऱ्यांदा आपटले, की दुकानाला कुलूप. इतकं सरळ होतं ते.

पहिल्या खेपेला गाडी तोंडीवरच अडली, पण या खेपेला केस वळवून दाखवायचे होते, आणि त्यात एक अट अशी, की ज्या डोक्यावर प्रयोग करायचा ते कोरं पाहिजे. त्याला आयुष्यात कधी रंग, औषध, काही लागलेलं नसावं. मी गल्लीतली डोकी मोजायला बसले तेव्हा लक्षात आलं, की माझी पंचाईत मीच करून ठेवली आहे. औषधवाल्याची आई, शिवणकाम करणाऱ्या तिघी बहिणी, बँकेतला पहारेकरी, सगळी डोकी माझ्याच हाताखालून गेलेली. अख्ख्या ओळखीत कोरं डोकं एकच उरलं होतं. माझ्या नणंदेचं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. चौतीस वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. केस पांढरे, पट्टीने आखावेत तसे सरळ. इतक्या वर्षांत माझ्या दुकानाची पायरी त्यांनी दोनदा चढली, दोन्ही वेळा माझ्या दारावरच्या पाटीतली चूक दाखवायला. त्यांना चूक दिसली की राहवतच नाही. दवाखान्यातल्या फलकावर त्या स्वतःच्या पेनने दुरुस्ती करतात. एका शोकसभेत बोलणाऱ्याला त्यांनी मध्येच थांबवून गेलेल्या माणसाचं खरं वय सांगितलं होतं, आणि ते त्या माणसाने जन्मभर लपवलेलं होतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी जिना चढून वर गेले.

"माझं डोकं पाहिजे?" वन्संनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कशाला? खुर्चीत बसवून ओल्या केसांचा गुंता करायला?"

"वन्सं, तुमचं डोकं मिळालं नाही तर माझं दुकान गेलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "देते. पण एका अटीवर. तीन आठवडे रोज चार ते सहा माझ्याकडून शिकायचं. 'केसाचाच' म्हणे! मला ऐकून लाज वाटली, वहिनी. घराण्यात एकीने जन्मभर जीवरसायन शिकवलं आणि दुसरी म्हणते केस केसाचा असतो!"

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या माझ्या स्वयंपाकघरात हजर. माझा नवरा टेबलापाशी कुणाचातरी वजनकाटा उघडून बसला होता. तोच त्याचा धंदा, काटे दुरुस्त करण्याचा. वन्संनी त्याला उठवून मधोमध उभा केला.

"दादा, हात पसर. दोन्ही बाजूंना. पाय जुळव. वहिनी, नीट बघ. हे अमिनो आम्ल."

"कोण?" नवऱ्याने विचारलं.

"तू."

"मी काटे दुरुस्त करतो."

"गप्प उभा राहा. तुझं धड म्हणजे कार्बनचा अणू. कार्बनला चार जण धरतात, कमी नाही, जास्त नाही. डावा हात अमिनो गट, त्यात नायट्रोजन. उजवा हात आम्लाचा गट. डोकं म्हणजे हायड्रोजन. जगातला सगळ्यात हलका अणू."

"डोक्याचं बरोबर जुळलं," मी म्हटलं.

"आणि पाय?" नवऱ्याने खाली पाहिलं.

"तीच खरी गंमत आहे. डावा हात, उजवा हात, धड, डोकं सगळ्यांचं सारखं. फरक फक्त पायाशी. पायात काय घातलंय त्यावरून ओळखायचं हे कोणतं अमिनो आम्ल. प्रथिनं ज्यांची बनतात ती आम्लं वीस, म्हणजे पायताणं वीस तऱ्हांची."

मग वन्संनी घरातली झाडून सगळी पायताणं स्वयंपाकघरात आणवली. रबरी बूट, सपाता, नवऱ्याचे फाटके कॅनव्हासचे बूट, माझी एकच उंच टाचेची चप्पल, कारण दुसरीची टाच गटाराच्या जाळीत राहिली. अनवाणी म्हणजे ग्लायसीन, सगळ्यात साधं. "अगदी अनवाणी नव्हे," वन्संनी स्वतःलाच दुरुस्त केलं, "त्याच्याही पायाशी एक हायड्रोजन असतो." कॅनव्हासचे बूट पाण्यात लगेच भिजतात, रबरी बूट पाण्याला हिडीसफिडीस करतात, आम्लांच्या पायांचंही तसंच असतं, काहींना पाण्याची ओढ, काहींना तिटकारा.

"आता साखळी. दादा, तुझा उजवा हात. वहिनी, तुझा डावा. धरा."

आम्ही हात धरले. वन्संनी चमचाभर पाणी आमच्या मनगटांवर टाकलं.

"अगं!" नवरा ओरडला.

"एकाच्या आम्लाच्या हाताने दुसऱ्याचा अमिनो हात धरला, की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. याला पेप्टाइड बंध म्हणतात. उजवा डाव्याला, उजवा डाव्याला, अशी शेकडो जणांची रांग झाली की प्रथिन. पण रांगेत कोणामागे कोण, ते ठरलेलं असतं. तो क्रम बदलला की प्रथिनाचा नूर बदलतो."

"इतका वेळ हिचा हात धरून मला दहाबारा वर्षं झाली असतील," नवरा म्हणाला.

"तरी सोडू नकोस, हा पक्का बंध आहे," वन्सं म्हणाल्या आणि आणखी एक चमचा पाणी टाकलं, ते मात्र निव्वळ खोडी म्हणून. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा खोडी काढताना पाहिलं.

रोज चार ते सहा. शेजारीण दारात येऊन बघून जायची, की ही तीन म्हातारी माणसं पायात वेगवेगळे बूट घालून, हात धरून स्वयंपाकघरात गोल गोल का फिरतात. आम्ही मळसूत्र करत होतो. प्रथिनाची साखळी सरळ उभी राहत नाही, ती स्वतःभोवती गुंडाळते, आणि तिच्या वेढ्यांना हायड्रोजनचे कच्चे बंध धरून ठेवतात. केसातल्या प्रथिनाचं नाव केराटिन. त्याची वेटोळी एकमेकांत पिळतात, त्यांचा दोर, त्या दोरांचा जाडजूड दोर, आणि असं करत करत एक केस. कच्चे बंध पाण्याने सुटतात. म्हणून ओला केस कसाही वळतो आणि वाळला की आहे त्या आकारात राहतो, पुन्हा भिजेपर्यंत.

"मग पक्के बंध?" मी विचारलं.

"सिस्टीन," वन्सं म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या बुटाला पडद्याचा एक आकडा अडकवला आणि माझ्या चपलेला दुसरा. "या आम्लाच्या पायाशी गंधक असतं. शेजारच्या साखळीतलं सिस्टीन समोर आलं, की दोन गंधकं एकमेकांत अडकतात. हे पाण्याने सुटत नाहीत."

"जळक्या केसाला तो वास येतो, तो याचाच?"

"याचाच."

मी मटकन खुर्चीत बसले. सांगते, माझ्या अंगावर काटा आला. सत्तावीस वर्षं मी पहिल्या बाटलीतलं औषध लावून काय करत होते? गंधकाचे आकडे सोडवत होते! रोलरवर केस गुंडाळलेला, त्यामुळे साखळ्या सरकून नव्या जागी बसायच्या. मग दुसऱ्या बाटलीने तेच आकडे नव्या शेजाऱ्याशी अडकवत होते, म्हणून ती कुरळी लट महिनोन्महिने टिकायची. आणि मला वाटायचं, मी आपली केस भिजवते! मला इतका आनंद झाला, की मी उठून नवऱ्याचा गालगुच्चा घेतला. वन्संनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून वीस मिनिटं बाकी आहेत."

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्या माझी पेटी तपासायला आल्या. रोलर मोजले, कागदी पट्ट्या मोजल्या, बाटल्यांच्या टोपणांवर साचलेला पांढरा थर पाहून नाक मुरडलं, आणि टोपणं काढून बेसिनमध्ये चकचकीत धुऊन आणली. मी मनात म्हटलं, धुऊ दे बापडी, हौस आहे तर.

परीक्षा एका लांबलचक खोलीत होती. आठ टेबलं, आठ उमेदवार, आठ कोरी डोकी. परीक्षकबाई त्याच. केसांचा घट्ट अंबाडा, त्यात खोचलेली पेन्सिल, चेहऱ्यावर माशी हलत नाही. त्यांनी नियम वाचून दाखवले. वेळ दोन तास. एकच औषध डोक्यावर दुसऱ्यांदा ओतायचं तर आधी त्यांची परवानगी, कारण न समजता दोनदा ओतणाऱ्यांनी यापूर्वी लोकांचे केस वितळवले आहेत. आणि शेवटचा नियम: ज्याचं डोकं आहे त्याने एक अक्षर बोलायचं नाही. बोललं तर उमेदवार बाद.

मी वन्संकडे पाहिलं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. वाळवंटात चालत जा म्हटलं असतं तर त्या गेल्या असत्या, पण दोन तास गप्प?

"बसा," मी हळूच म्हटलं. त्यांनी ओठ आवळले आणि मूग गिळून बसल्या.

केस गुंडाळायला मला पन्नास मिनिटं लागली. बावन्न रोलर. कोरे पांढरे केस फार ताठ असतात, पण माझी बोटं छान चालत होती. मग लाल टोपणाची बाटली घेतली. लाल टोपण म्हणजे पहिलं औषध, सोडवणारं. निळं म्हणजे दुसरं, जोडणारं. ही टोपणं मी दुकान उघडलं त्या वर्षी लावली, तेव्हापासून बाटलीवरचा कागद मी कधी वाचलेला नाही. हात आपोआप लालकडे जातो. प्रत्येक रोलरवर ओतलं, प्लॅस्टिकची टोपी चढवली, वीस मिनिटं थांबले. खोलीत आठही टेबलांचा मिळून असा उग्र वास सुटला होता, की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी.

वीस मिनिटांनी एक रोलर अर्धा उलगडून पाहिला. लटेने वळण धरलेलं दिसायला हवं होतं. ती नुसती ओली होती. बोटाला लागली तीही ताठ. सुटलेला केस मऊ लागतो, हा मुळी मऊ पडलाच नव्हता. दुसरा रोलर उलगडला, तेच. तिसरा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. घड्याळात पन्नास मिनिटं उरलेली. मी बाटली उचलली आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यावरचा कागद वाचला. त्यावर ठळक आकडा होता: दोन.

मग मला बेसिन आठवलं. चकचकीत धुतलेली टोपणं आठवली. वन्संनी ती धुतली आणि हाताला आली तशी लावली, कारण रसायनशाळेत आयुष्य घालवलेली बाई टोपणाच्या रंगाकडे कशाला बघेल? ती बाटलीवरचं नाव वाचते. आणि मी नाव कशाला वाचू? मी टोपण बघते. दोघीही आपापल्या जागी शहाण्या, आणि दोघींच्या शहाणपणात माझं दुकान बुडायला निघालेलं.

वन्संनीही माझ्या हातातली बाटली पाहिली, लाल टोपण पाहिलं, कागदावरचा आकडा पाहिला. त्यांचा चेहरा पडला. तोंड उघडलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून असा दाबला, की ते पुन्हा मिटलं.

मी हात वर केला. परीक्षकबाई आल्या.

"पुन्हा ओतायचंय," मी म्हटलं.

"कारण?"

"मी दुसरं औषध आधी ओतलं. टोपण बघितलं, नाव वाचलं नाही."

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. "म्हणजे काय झालं, ते समजतंय का तुम्हाला? समजत असेल तर परवानगी. समजत नसेल तर इथेच थांबायचं. सांगा, केस कशाचा बनलेला असतो?"

तोच प्रश्न! मला हसू फुटलं. भीतीने फुटलं की कशाने, मला माहीत नाही, पण मी हसत हसतच दोन्ही हात पसरून टेबलासमोर उभी राहिले.

"बाई, ही मी. मी अमिनो आम्ल. हे धड म्हणजे कार्बन. डोकं हायड्रोजन. हा डावा हात आम्लाचा—"

केस वळवताना अंगावर पांघरतात त्या झग्याखाली वन्संचे पाय नाचायला लागले. अंगठे वर, खाली, वर. चेहरा लालबुंद. मूळव्याधीचा त्रास असावा असं शेजारच्या टेबलावरच्या मिशीवाल्या न्हाव्याला वाटलं, त्याने हळूच उशी पुढे केली.

"—चुकले! डावा अमिनो, उजवा आम्लाचा. आणि पायाशी जे असेल ते ज्याचं त्याचं. वीस तऱ्हा. पायताणावरून ओळखायचं." मी पाय वर उचलून बूट दाखवला. "आता मिशीवाले दादा, जरा हात द्या."

मिशीवाल्याने काही न कळून हात दिला. मी माझ्या उजव्या हातात त्याचा डावा हात धरला. आमच्या दोघांच्या रबरी हातमोज्यांवरून औषधाचं पाणी निथळत होतं, ते दोन्हींच्या मधून टपकन जमिनीवर पडलं.

"बघा!" मी ओरडलेच. "पाणी बाहेर पडलं! हा पेप्टाइड बंध!"

मिशीवाला खो खो हसायला लागला. त्याच्या पलीकडच्या टेबलावरच्या दोघी हसायला लागल्या, आणि त्यांतली एक "मला पण धरा" म्हणत येऊन त्याच्या उजव्या हाताला लागली. तिथेही पाणी पडलं. मी त्या दोघांना घेऊन स्वतःभोवती एक वेढा घेतला, "हे मळसूत्र, असे वेढे एकमेकांत पिळून केराटिन, आणि केराटिनचा केस! वेढ्यांना कच्चे बंध, ते पाण्याने सुटतात. पण मध्ये मध्ये सिस्टीन, त्याच्या पायाशी गंधक. शेजारच्या गंधकात अडकलं की पाण्याच्या बापाला सुटत नाही!"

"ते कशाने सुटतं?" बाईंच्या ओठांची एक कड हलली.

"पहिल्या बाटलीने. दुसरीने पुन्हा अडकतं, नव्या जागी. मी दुसरी आधी ओतली. म्हणजे जे सुटलेलंच नव्हतं ते मी जोडत बसले होते. या डोक्यात काहीही तुटलेलं नाही बाई, एकही आकडा हललेला नाही. केस जसा आला तसाच आहे. आता भरपूर पाण्याने धुते, कारण दोन्ही औषधं एकमेकांत मिसळली तर डोकं तापेल. मग पहिलं वीस मिनिटं, पुन्हा धुवायचं, मग दुसरं दहा. दुसरी बाटली अजून अर्धी शिल्लक आहे. चाळीस मिनिटांत होतं. तुमच्या घड्याळात त्रेचाळीस आहेत."

"बाटल्यांना दुसऱ्या कुणी हात लावला होता?"

झग्याखालचे वन्संचे अंगठे जागच्या जागी थांबले. त्या खोटं बोलत नाहीत आणि चूक सहन करत नाहीत, आणि आता चूक त्यांचीच होती.

"वाचायचं काम माझं होतं," मी म्हटलं. "मी वाचलं नाही."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "बेचाळीस राहिली. लागा कामाला."

मी जी धावले! बेसिनवर पाणी, पुसायला कापड, बाटलीवरचा आकडा तीनदा वाचला, मोठ्याने वाचला, मिशीवाल्यानेही वाचून दाखवला. वीस मिनिटांनी रोलर उलगडला तर लट बोटावर अशी मऊ, वळणदार बसली, की मी तिचा मुका घेतला. औषधाची चव महिनाभर जाऊ नये अशी असते, तरी घेतला. धुतलं, टिपलं, दुसरं औषध, दहा मिनिटं, रोलर सोडवले, पुन्हा धुतलं, गरम हवेवर वाळवलं. घंटा झाली तेव्हा माझ्या हातात कंगवा होता आणि वन्संच्या डोक्यावर पांढऱ्याशुभ्र कुरळ्या केसांचा उसळता ढीग.

"आता वाऱ्याची फेरी," परीक्षकबाई म्हणाल्या. "रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीला हात लावून यायचं. वारा खाऊन परत आल्यावर वळण राहिलं तर मी सही करीन. दहा मिनिटं. त्यानंतर मी खोली बंद करते."

आठही डोकी एका रांगेत बाहेर पडली. पाच मिनिटांत सात परत आली. वन्संचा पत्ता नाही. सहा मिनिटं. सात. बाईंच्या हातात किल्ली. मी खिडकीतून वाकून वाकून पाहिलं, टपालपेटी दिसत होती, वन्सं दिसत नव्हत्या. मला वाटलं, झालं. या बाईला इतकी शरम वाटली, की ती घरीच निघून गेली. आता काय, जे इतकं करून हाताशी आलं ते रस्त्यावर सांडलं. मी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या गाळत पळाले. मागून कुणाचे तरी बूट वाजत होते, पण वळून बघायला सवड कुणाला!

दारात माझा नवरा वाट बघत उभा होता.

"तुमची बहीण कुठाय?"

"आली नाही अजून. एक कुरळी बाई मात्र गेली इथून, हसत होती, मला टपली मारून गेली. मला कळेना, ओळख ना पाळख—"

"अहो, तीच ती!"

टपालपेटीच्या पुढे, वळणावर चष्म्याचं दुकान आहे. त्याच्या दर्शनी काचेत हातभर उंचीचे तीन आरसे. वन्सं त्या आरशांसमोर उभ्या होत्या. वारा सुटला होता, आणि त्या मान इकडे टाकत होत्या, तिकडे टाकत होत्या, प्रत्येक झटक्याला लटा खालून वर उसळत होत्या, आणि त्या तोंडावर हात धरून लहान मुलीसारख्या हसत होत्या. चष्मेवाला दुकानात हातात चष्मा धरून तसाच उभा.

"वन्सं! तीन मिनिटं राहिली!"

"वहिनी, हे ओढलं तरी परत जातं गं!" त्यांनी एक लट हनुवटीपर्यंत ओढली आणि सोडली. "बघ! पुन्हा बघ! चौतीस वर्षं मी फळ्यावर काढलं, हात लावून कधी पाहिलं नाही. आणि तू हे रोज करत होतीस? रोज? खाली, त्या दोन खुर्च्यांत?"

"रोजच."

"आणि मी तुझ्या पाटीतली चूक दाखवायला येत होते." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आता तिथे औषधाचा वास नव्हता. "टोपणं मी बदलली, वहिनी. तुला ते सांगता आलं असतं. तू सांगितलं नाहीस."

"तुम्हाला बोलता आलं असतं. तुम्हीसुद्धा बोलला नाहीत."

"मेले असते मी त्या खुर्चीत," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून इतक्या हसलो, की चष्मेवाल्याने बाहेर स्टूल आणून ठेवलं.

"हे किती दिवस टिकतं?" वन्संनी डोळे पुसत विचारलं.

"पाचसहा महिने. मुळाशी नवे केस येतात ते सरळच येतात, त्यांना पुन्हा वळवावं लागतं."

"मग सहा महिन्यांनी मी तुझ्याकडे येणार." एवढं बोलून त्या थबकल्या. हसू उतरलं. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत त्यांनी विचारलं, "सहा महिन्यांनी दुकान असेल ना हिचं?"

मी वळले. परीक्षकबाई धापा टाकत उभ्या होत्या, एका हातात खोलीची किल्ली, दुसऱ्या हातात माझा कागद. जिन्यावर मागून वाजणारे बूट त्यांचे होते. त्यांनी वन्संना वाऱ्याकडे तोंड करून उभं केलं, डोक्याभोवती एक फेरी मारली, एक लट ओढली, सोडली, पुन्हा ओढली. मग कागद चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर धरून पेन्सिल अंबाड्यातच राहू दिली, खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

"असेल," त्या म्हणाल्या.

मी भर रस्त्यात रडायला लागले. नवरा आला, त्याला वाटलं नापास झाले, तो मला म्हणायला लागला की काटे दुरुस्त करायला शीक, सोपं असतं. वन्संनी त्याला गप्प केलं आणि माझा हात पुढे ओढला.

"रडायचं नंतर. माझं नाव लिहून घे आधी. परवाना मिळाल्यानंतरचं पहिलं नाव माझंच पाहिजे."

लिहायला जवळ काही नव्हतं. मी परीक्षकबाईंचं पेन मागून घेतलं आणि तळहातावर लिहिलं: वन्सं, सहा महिन्यांनी, सकाळी दहा, आरशासमोरची खुर्ची.